पॅरिसची पेटी, झाडीचा सूर

दिवाळी सरते, धानाची कापणी आटोपते, मंडईचे दिवस येतात, आणि चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या गावांतल्या रात्री जाग्या होतात. लेकी-जावई पाहुणे म्हणून येतात. दिवसा मंडई किंवा शंकरपट, आणि रात्री नाटक. जेवणे उरकून माणसे सतरंज्या नि पांघरुणे घेऊन मांडवाकडे निघतात. थंडी मी म्हणत असते. पडदा अजून वर जायचा असतो. एवढ्यात मंचापुढे बसलेला पेटीमास्तर एक लांब सूर धरतो. त्या सुरासरशी बडबड थांबते, पोरे पुढे सरकतात, आणि मागच्या रांगेतला म्हातारा म्हणतो, "झाली बाप्पा सुरुवात."

हा सूर तुमच्या ओळखीचा आहे. भजनी मंडळात तो ऐकला, शाळेच्या प्रार्थनेत ऐकला, नाटकात तर रात्रभर ऐकला. तो आपलाच, इथल्या मातीतला, असे आपण धरून चालतो. पण हे वाद्य जन्मले कुठे? तर पॅरिसमध्ये. फ्रान्स देशाच्या राजधानीत. आणि ज्या शहरातून ते निघाले, त्या शहरातही त्याच्या एका भावंडाने असाच संसार मांडला, असेच दिवस पाहिले, म्हातारपण पाहिले, आणि तरुण पोरांच्या हातून पुन्हा उभारीही धरली. आज ही दोन घराण्यांची गोष्ट तुम्हाला सांगायची आहे. एक घराणे पॅरिसच्या गल्लीतले, दुसरे आपल्या झाडीपट्टीतले.

आधी वाद्याचे अंतरंग पाहू. पेटीचे झाकण काढले, की आत पितळेच्या बारीक पट्ट्या ओळीने बसवलेल्या दिसतात. पेटी बनवणारे त्यांना रीड म्हणतात, कोणी नुसतेच 'सूर' म्हणतात. पट्टीचे एक टोक रिव्हेटने पक्के आणि दुसरे मोकळे. भात्यातली हवा तिच्याजवळून गेली, की मोकळे टोक थरथरते आणि नाद निघतो. पट्टी लांब असली तर सूर खालचा, आखूड असली तर वरचा. मोकळ्या टोकाजवळ कानशीने थोडे घासले तर सूर चढतो, पक्क्या टोकाजवळ घासले तर उतरतो. एवढीच काय ती विद्या. पण ती नीट जमायला कारागिराची उमर जाते. आपल्याकडे गुजरातेतल्या पालिताणा गावचे सूर यासाठी नावाजलेले आहेत.

या थरथरत्या पट्टीची कल्पना मुळात पूर्व आशियातली. चीनमध्ये शेंग नावाचे तोंडाने फुंकायचे वाद्य फार जुने आहे. त्याचे नमुने १८व्या शतकात युरोपात पोचले आणि तिथल्या कारागिरांची डोकी चालू लागली. व्हिएन्नात सिरिल डेमियान याने १८२९ साली अकॉर्डियनचे पेटंट घेतले. अकॉर्डियन म्हणजे गळ्यात अडकवून दोन्ही हातांनी ताणायचे-दाबायचे वाद्य. 'संगम' या १९६४ सालच्या चित्रपटात राज कपूरच्या गळ्यात पाहिले असेल, तेच ते. पुढे पॅरिसच्या अलेक्झांद्र दबाँ याने १८४२ साली पायाने भाता हलवायच्या वाद्याचे पेटंट घेतले आणि त्याला नाव दिले हार्मोनियम. गंमत पाहा, त्याच्या पुढच्याच वर्षी, १८४३ साली, सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' रंगमंचावर आणले. मराठी नाटक आणि हार्मोनियम जवळजवळ एका वयाचे! त्या वेळी दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता.

आता पहिल्या घराण्याकडे, म्हणजे पॅरिसकडे वळू.

फ्रान्सच्या मध्यभागी ओव्हेर्न्य नावाचा डोंगराळ, गरीब मुलूख आहे. तिथले लोक १९व्या शतकात पोटासाठी पॅरिसला आले. कोणी पाणी वाहिले, कोणी कोळसा विकला, कोणी छोटी खानावळ घातली. आपल्याकडची माणसे हंगाम संपला की कामाला बाहेर जातात, तसेच. येताना त्यांनी आपले वाद्य बरोबर आणले. ते होते बकऱ्याच्या कातड्याच्या पिशवीचे, हवा भरून वाजवायचे. त्या जातीच्या वाद्याला तिथे म्युझेत म्हणत. रविवारी ही मंडळी खानावळीत जमत, म्युझेत वाजे, नाच होई. म्हणून त्या नाचघरांचे नावही म्युझेत पडले.

मग त्याच मोहल्ल्यांत इटलीचे लोक आले. तेही गरीब, तेही पोटासाठी. त्यांच्या गळ्यात होते अकॉर्डियन. जुन्या लोकांना ते खपले नाही. "हे बाहेरचे वाद्य आमच्या नाचात कशाला?" असा तंटा लागला. पण सुरांचे तंटे फार दिवस टिकत नाहीत. ल्याप नावाच्या गल्लीत बुस्कातेल हा नामांकित पिशवीवादक होता. त्याने शार्ल पेगुरी या इटालियन कुटुंबातल्या अकॉर्डियनवाल्याला जोडीला घेतले. पेगुरी पुढे त्याचा जावईही झाला. एमिल वाशेसारख्या वादकांनी त्या नाचाला आपले वळण दिले. हळूहळू पिशवीचे वाद्य मागे पडले, अकॉर्डियनच पुढे राहिले. मात्र नाव राहिले जुनेच. आजही त्या संगीताला म्युझेत म्हणतात, जरी त्यातली मूळ म्युझेत केव्हाच गेली. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे तिचे काम पडणार आहे.

त्या अकॉर्डियनमध्ये एक खुबी होती. एकाच स्वरासाठी दोन-दोन, तीन-तीन पट्ट्या बसवत, आणि त्या मुद्दाम किंचित वेगळ्या सुरात लावत. त्यामुळे नादाला एक कंप येई. त्या कंपावर पॅरिसचे कामकरी लोक रविवारची संध्याकाळ विसरून नाचत. मोठी माणसे मात्र नाक मुरडत. अकॉर्डियनला तिथे 'गरिबाचा पियानो' म्हणत. म्हणणाऱ्याच्या मनात कौतुक असे की हिणवणे, ते ज्याचे त्याने ओळखावे.

आता दुसरे घराणे, आपले.

दबाँची पेटी समुद्र ओलांडून हिंदुस्थानात आली ती मिशनरी आणि साहेबलोकांबरोबर. ती पायाने भाता मारायची, खुर्चीवर बसून वाजवायची. आपला गवई मात्र बैठकीवर मांडी घालून बसणारा. तेव्हा कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी १९व्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत हाताने भाता हलवायची पेटी प्रचारात आणली. डाव्या हाताने मागचा भाता, उजव्या हाताने स्वर. पेटी जमिनीवर आली आणि भारतीय झाली. डोक्यावरून नेता येईल, बैलबंडीत ठेवता येईल, देवळाच्या ओट्यावर मांडता येईल, अशी झाली.

इकडे १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'शाकुंतल' केले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. आरंभी साथ तंबोरा-सारंगीची. मग पेटी शिरली. गोविंदराव टेंबे हे तर पेटीचेच वादक. १९११ साली खाडिलकरांच्या 'मानापमान' नाटकाच्या पदांना त्यांनी चाली दिल्या, तेव्हा ते तिशीच्या उंबरठ्यावर होते. जुन्या नाटकांतल्या साकी-दिंडीच्या, कीर्तनी वळणाच्या चालींना सरावलेल्या कानांपुढे त्यांनी उत्तरेकडच्या ठुमरी-दादऱ्याचा रंग ठेवला. म्हणजे आज आपण ज्याला 'जुने नाट्यसंगीत' म्हणून हात जोडतो, ते एका तरुणाने केलेले नवे काम होते! पुढे बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत पायाचा ऑर्गन आला. साथीला ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे, सारंगीवर कादरबक्ष, तबल्यावर अहमदजान थिरकवा. ऑर्गन आणि पेटी यांत फरक एवढाच, की पेटीत भाता हवा पट्टीवर ढकलतो, आणि नाटकातल्या त्या जातीच्या ऑर्गनमध्ये हवा आत ओढली जाते. म्हणून त्याचा आवाज गोल, भरदार आणि अखंड. तेव्हा ध्वनिवर्धक नव्हते. शेवटच्या रांगेपर्यंत सूर पोचवायचा तर असे वाद्य हवेच होते.

पेटी आपल्या बोलण्यात किती भिनली, त्याचे एकच उदाहरण देतो. कुणा गाणाऱ्याला विचारा, "तुमची पट्टी कोणती?" तो म्हणेल, "काळी एक", किंवा "पांढरी चार". या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या परदेशी वाद्याच्या. पण आपल्या गळ्याची उंची सांगायला आपण त्यांचीच भाषा वापरतो. वाद्य परके राहिले कुठे?

झाडीपट्टीत पेटी कशी रुजली? झाडीपट्टी म्हणजे वैनगंगेच्या खोऱ्यातला धानाचा आणि जंगलाचा प्रदेश. चंद्रपूरचा पूर्व भाग, १९८२ साली त्यातून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा, आणि वरचे भंडारा-गोंदिया. इथे नाटक येण्याआधी दंडार होती, खडी गंमत होती. लोक आपल्याच अंगणात, ढोलकी, डफ, तुणतुणे यांसारख्या वाद्यांवर रात्र जागवत. त्या रात्र जागवण्याच्या सवयीवरच नाटकाचे रोप लागले. ही रंगभूमी आज शंभर वर्षांहून जुनी आहे. गावातलीच माणसे नट होत, मिसरूड न फुटलेली पोरे लुगडे नेसून नायिका होत. संगीत नाटकांची पदे इकडे आली, आणि पदांबरोबर पेटी आलीच. हिवाळ्यात रात्री दव पडते, तारेचे वाद्य उतरते, पुन्हा पुन्हा लावावे लागते. पितळेचे सूर मात्र पहाटेपर्यंत तसेच्या तसे उभे राहतात. एकटा माणूस पेटी घेऊन बसला, की नटाला सूर मिळाला, प्रसंगाला भरणा मिळाला, आणि पडदा अडकला तर वेळही निभली.

या रंगभूमीचे केंद्र म्हणजे वडसा, म्हणजे देसाईगंज. गोंदिया-चांदाफोर्ट रेल्वेमार्गावरचे हे गाव. हंगामाआधी इथे नाटक मंडळ्यांची कार्यालये उघडतात, गावोगावचे लोक येऊन आपल्या मंडईची तारीख ठरवतात आणि नाटक पक्के करतात. इथून मंडळ्या आरमोरी, कुरखेडा, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल अशा दिशांना रोज रात्री पांगतात. गडचिरोली जिल्ह्यातले ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा साऱ्या देशाला झाडीपट्टीचे नाव कळले. इथल्या बोलीचा अभ्यास हरिश्चंद्र बोरकरांसारख्या संशोधकांनी केला. पण मंचापुढे पाठमोरा बसून रात्रभर सूर देणाऱ्या पेटीमास्तराचा इतिहास फारसा कुणी लिहिला नाही. प्रेक्षक त्याची पाठ तेवढी पाहतात.

आता एक गोष्ट सांगायला हवी, आणि ती आकाशवाणीच्या पुस्तिकेतच सांगायला हवी, कारण ती आकाशवाणीचीच आहे. १९४० साली मार्चच्या पहिल्या तारखेपासून ऑल इंडिया रेडिओवर पेटीला बंदी झाली. त्या वेळचे प्रमुख लायोनेल फील्डन. दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे काम पाहणारे जॉन फोल्ड्स यांनी आधीच पेटीविरुद्ध झोड उठवली होती. रवींद्रनाथ ठाकुरांनाही पेटी नकोशी होती. बंदी घालणारा साहेब, पण तिला पाठिंबा देणारे आपलेच थोर लोक, असा तो प्रकार.

त्यांचे म्हणणे काय होते, तेही प्रामाणिकपणे ऐकले पाहिजे. पेटीचे बारा स्वर ठोकून बसवलेले. आपल्या गाण्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची मींड असते, ती पेटीवर निघत नाही. शिवाय ते बारा स्वर युरोपच्या हिशेबाने सारख्या अंतरावर बसवलेले. आपल्या रागांतला कोमल गंधार किंवा तीव्र मध्यम त्या हिशेबात नेमका सापडत नाही. ही टीका खोटी नव्हती. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमंट्स नावाचे एक इंग्रज न्यायाधीश यांनी तर विसाव्या शतकाच्या आरंभीच श्रुतींची वेगळी पेटी करून पाहिली होती. उणीव आपल्या माणसांनाही कळत होती.

पण उणीव कळणे वेगळे आणि दार बंद करणे वेगळे. स्वातंत्र्य आले, तरी बंदी राहिली. १९४८ साली नागपूरला आकाशवाणी केंद्र झाले, विदर्भाच्या घराघरांत गाणे पोचू लागले. पण त्या गाण्याच्या साथीला सारंगी, व्हायोलिन, पेटी नाही. गावात ज्याच्या बोटांवर पंचक्रोशी डोलत होती, त्या पेटीमास्तराला रेडिओच्या दारात जागा नव्हती. १९७० साली या प्रश्नावर चर्चासत्र झाले आणि १९७१ साली बंदी अंशतः सैल झाली. एकतीस वर्षे! एका माणसाच्या उमेदीचा सारा काळ. या काळात पेटी जगली ती कुणाच्या जिवावर? बैठकींच्या, भजनी मंडळांच्या, कीर्तनांच्या आणि नाटकांच्या. म्हणजे तुमच्याच वाडवडिलांच्या जिवावर. रेडिओने जे बाहेर ठेवले, ते त्यांनी मांडवात सांभाळले. हे ऋण या पुस्तिकेच्या पानावर मान्य केलेले बरे.

वाचकहो, इथवर दोन्ही घराण्यांची गोष्ट कशी समांतर चालली, पाहिलेत ना? दोन्ही वाद्ये गरिबांच्या करमणुकीतली, दोन्ही बाहेरून आलेली, दोन्हींना मोठ्यांनी हिणवलेले. आता पुढचा टप्पा म्हातारपणाचा.

१९६०च्या सुमारास पॅरिसच्या तरुणांना अमेरिकेकडच्या नव्या, विजेच्या गिटारीच्या संगीताने भुरळ घातली. अकॉर्डियन म्हणजे आजोबांचे वाद्य, असे ते म्हणू लागले. आपल्याकडेही बोलपट आल्यापासून संगीत नाटकाला ओहोटी लागली होती. रात्रभर चालणारी पदे, वन्समोअर, अर्धा-अर्धा तास आळवलेले एकच पद, हे ऐकायला शहरात सवड उरली नव्हती.

मग हे वाचले कसे? ज्यांना जुने येत होते, अशा तरुणांनी ते बदलले म्हणून वाचले.

पॅरिसमध्ये हे आधीच एकदा झाले होते. १९३०-४०च्या काळात ग्युस व्हिसर, तोनी म्युरेना यांसारख्या वादकांनी म्युझेतच्या नाचात अमेरिकेच्या जॅझचे झोके मिसळले. सुरातला तो जुना कंप त्यांनी कमी केला, म्हणजे पट्ट्या एकमेकींच्या जवळ लावून घेतल्या. त्या वेळी जुन्या लोकांनी नाक मुरडले असेलच. दुसऱ्यांदा झाले ते रिशार गालियानो याच्या हातून. १९५०चा जन्म, बाप अकॉर्डियनचा शिक्षक. पोरगा जॅझकडे वळला. तेव्हा अर्जेंटिनाचे आस्तोर पियाझोला यांनी त्याला सल्ला दिला. पियाझोलांनी आपल्या देशाच्या टँगो नाचाचे संगीत नव्याने घडवले होते, आणि त्यांचे बँडोनियन हेही पत्तीचेच वाद्य. त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ असा, की मी टँगोचे जे केले ते तू आपल्या म्युझेतचे कर, परक्या दारी कशाला जातोस? गालियानो परत फिरला, लहानपणी बोटांत बसलेल्या नाचांकडे. १९९१ साली त्याची 'न्यू म्युझेत' ही ध्वनिमुद्रिका निघाली. त्यानंतर तरुण वादकांना जुने नाच वाजवण्याची लाज उरली नाही.

आपल्याकडे ते काम जितेंद्र अभिषेकींनी केले. १९६४ साली कानेटकरांचे 'मत्स्यगंधा' आले, १९६७ साली नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचे 'कट्यार काळजात घुसली' आले. अभिषेकींनी पद आटोपशीर केले, राग ठेवला, शब्द स्पष्ट केले, आणि तरुण प्रेक्षक पुन्हा संगीत नाटकाला येऊ लागला. पेटीपुरते बोलायचे तर नागपूरचेच मनोहर चिमोटे यांनी तिला स्वरमंडळाची जोड दिली आणि 'संवादिनी' हे नाव दिले. साथीचे वाद्य स्वतंत्र वादनाला उभे केले. पी. मधुकर, गोव्याचे तुळशीदास बोरकर, बेळगावचे रामभाऊ विजापुरे, आप्पा जळगावकर यांनी याच वाटेने पेटीची शान वाढवली. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी करून देवलांचे अर्धे राहिलेले स्वप्न पुन्हा हाती घेतले. आदित्य ओक, सुयोग कुंडलकर, तन्मय देवचके यांसारखे पुढच्या पिढीचे वादक जुनी नाट्यपदे आज नुसत्या पेटीवर, शब्दांवाचून ऐकवतात, आणि ऐकणारे मनातल्या मनात शब्द म्हणतात.

आणि झाडीपट्टीत? इथे तर हे रोज रात्री चालले आहे. मंचापुढे आता पायाच्या ऑर्गनच्या जागी विजेवर चालणारा कीबोर्ड असतो. तबला-ढोलकीशेजारी ऑक्टोपॅड असतो. वाजवणारी बरीच पोरे विशी-तिशीतली. आणि गंमत बघा, पुष्कळ ठिकाणी लोक त्या कीबोर्डला अजून 'ऑर्गन'च म्हणतात. आठवली ना पॅरिसची गोष्ट? पिशवी गेली, नाव म्युझेतच राहिले. वाद्य बदलते, पण त्याने करायचे काम लोक विसरत नाहीत. ते काम म्हणजे नटाला सूर देणे.

जुन्या माणसांचे यावर गाऱ्हाणे असते. "या डब्याला भाता नाही, श्वास नाही. पोरे पदात सिनेमाचे तुकडे घालतात." त्यांचे म्हणणे झटकून टाकू नका. भात्यावरचा हात हा गाण्याचा श्वास असतो. कुठे जोर द्यायचा, कुठे सूर सोडायचा, हे भाता शिकवतो. बटण दाबून ते येत नाही. पण पोरांचीही बाजू आहे. कीबोर्डात लांबचा-जवळचा असा सूर एका बटणाने मिळतो, बासरी मिळते, सनई मिळते, आणि त्यातल्या काहींत स्वर थोडा हलवायची चकतीही असते. जी मींड पेटीला जमत नाही म्हणून एकतीस वर्षे शिक्षा भोगली, तिची निदान सावली त्या चकतीतून काढता येते. मग नवे ते सारे वाईट कसे म्हणावे?

तेव्हा नवे चांगले की वाईट, हे ठरवायची कसोटी काय? मला दोन्ही घराण्यांच्या इतिहासातून एकच दिसते. व्हिसर असो, गालियानो असो, टेंबे असोत की अभिषेकी, ज्यांनी बदल केला त्यांना जुने तोंडपाठ होते. ते हातात असताना त्यांनी काय ठेवायचे नि काय सोडायचे ते निवडले. ज्याला जुने येतच नाही, तो निवडत नाही. त्याच्याकडून ते नुसते गळून पडते.

आणि दुसरी कसोटी झाडीपट्टीची स्वतःची आहे. नट पदाच्या मध्ये थांबला, प्रेक्षकाने दाद दिली, नटाला आणखी एक तान सुचली, तर वादक त्याच्यासाठी थांबतो का? नटी घाबरून पट्टी सोडून गेली, तर वादक तिच्या पट्टीवर येऊन तिला सांभाळून घेतो का? जिवंत साथीचा अर्थ हाच. आधी साठवून ठेवलेला ठेका आणि आयते संगीत कुणासाठी थांबत नाही. ते आपल्या वेगाने पुढे निघून जाते, आणि नटाला त्याच्यामागे धावावे लागते. शहरांतल्या पुष्कळ करमणुकींत हे घडून गेले. झाडीपट्टीत अजून वादक समोर बसतो, नटाच्या तोंडाकडे पाहतो. हे धन मोठे आहे. कीबोर्ड आला म्हणून ते जात नाही. वादक उठला, तर मात्र जाईल.

शिक्षक बंधुभगिनींनो, आता तुमच्याकडे मागणे आहे. गावात एखादे तरी म्हातारे माणूस असेल, ज्याने तरुणपणी नाटकात पेटी धरली. त्याला शाळेत बोलवा. मुलांसमोर पेटीचे झाकण काढायला लावा. पट्टी कशी थरथरते ते मुलांना पाहू द्या. नादाचा धडा पुस्तकापेक्षा लवकर कळेल. मग त्याला पद वाजवायला सांगा, आणि ते कुणाकडून शिकला, कोणत्या साली, कोणत्या नाटकात वाजवले, ते मुलांना वहीत लिहू द्या. खिशातल्या मोबाइलवर त्याचे वाजवणे टिपून ठेवा. या पेटीमास्तरांचा इतिहास लिहिला गेला नाही, असे मी मघा म्हटले. तो लिहायला मोठ्या विद्वानाची गरज नाही. चौथीतल्या मुलाच्या वहीत त्याची पहिली पाने उतरू शकतात.

शेतकरी बंधूंनो, तुमच्याकडेही एक मागणे. यंदा मंडईला नाटक ठरवायला वडशाला जाल, तेव्हा नायिका कोण, विनोदी नट कोण, हे विचारताच. त्याबरोबर एवढेही विचारा, "ऑर्गनवर कोण आहे?" आणि पहाटे नाटक संपल्यावर पडद्याकडे पाहून टाळ्या वाजवाल, तेव्हा दोन टाळ्या त्या पाठमोऱ्या पोरासाठी वाजवा. तो वळून पाहील. वडीलधाऱ्या कोणी जवळ जाऊन त्याला म्हणावे, "बाबू, छान वाजवलंस. पण ते दुसऱ्या अंकातलं पद आमच्या वेळी असं वाजवत," आणि गुणगुणून दाखवावे.

तो पुढच्या गावी ते वाजवील. तसेच्या तसे नाही वाजवायचा, थोडे आपले घालील. घालू द्या.